मायसेकवर रन लावताना: लायब्ररी किती दाट भरायची

मायसेक हे डीएनएचा क्रम वाचणारं यंत्र, पण मुळात तो कॅमेराच आहे. लायब्ररी म्हणजे टोकांना अ‍ॅडॅप्टर (ठरावीक आखूड डीएनए) जोडून वाचायला तयार केलेले डीएनएचे तुकडे. फ्लो सेल, म्हणजे यंत्रातली काचपट्टी, तिच्या काचेवर डीएनएच्या एकेका तुकड्याच्या हजारभर प्रतींचा पुंजका वाढतो. दर सायकलला त्यातल्या साखळ्यांना एकच रंगीत बेस लागतो, फोटो निघतो, रंग कापला जातो, मग पुढची सायकल. पुंजके खेटून बसले की फोटोत रंग मिसळलेच. म्हणून सगळी मेहनत भरण्याच्या प्रमाणावर.

लायब्ररीचं मोजमाप क्यूबिटवर (डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाने मोजणारं यंत्र) करा. नॅनोड्रॉप (प्रकाश किती शोषला त्यावरून मोजणारं यंत्र) आरएनए आणि सुटे न्यूक्लिओटाइडही धरतो, आकडा फुगतो. नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरला ६६० गुणिले सरासरी लांबीने भागून १० लाखांनी गुणा. २ नॅनोग्रॅम आणि ५०० बेसपेअर म्हणजे ६.०६ नॅनोमोलर. ६.६ मायक्रोलिटरमध्ये ३.४ बफर घातलं की ४ नॅनोमोलर. बायोअ‍ॅनालायझरवर (तुकड्यांची लांबी दाखवणारं यंत्र) १२०-१३० बेसपेअरला टोक दिसलं तर ते अ‍ॅडॅप्टर डायमर, म्हणजे मध्ये तुकडा नसलेले, एकमेकांना जोडलेले अ‍ॅडॅप्टर. आखूड असल्याने तेच आधी जागा अडवतात. लायब्ररीच्या ०.८ पट बीड्स (डीएनए धरून ठेवणारे चुंबकीय मणी) घेऊन पुन्हा धुवा, ८० टक्के इथेनॉल त्याच दिवशी बनवून. (गुजरातेत इथेनॉलला परवाना लागतो, बाटली तळाला जायची वाट पाहू नका.)

आता दुहेरी साखळ्या सुट्या करायला ५ मायक्रोलिटर लायब्ररी आणि ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ५, पाच मिनिटं. द्रावण ताजंच हवं. जुनं हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून मंदावतं आणि साखळ्या अर्धवटच सुटतात. वर गार एचटी१ (किटमधलं बफर) ९९० मायक्रोलिटर घातलं की २० पिकोमोलर. व्ही३ किटला (मायसेकच्या रसायनांचा एक संच) १२ पिकोमोलरपासून सुरुवात बरी: ३६० मायक्रोलिटरमध्ये २४० एचटी१. त्यातले ३० काढून तितकंच १२ पिकोमोलरचं फायएक्स (क्रम माहीत असलेलं विषाणूचं डीएनए, ताळा पाहायला) घाला. १६एस (जिवाणू ओळखायला वाचतात तो जनुक) असेल तर १२० काढा, कारण एकाच प्रायमरमुळे सुरुवातीला सगळे पुंजके एकाच रंगात उजळतात आणि यंत्राला ते वेगळे ओळखता येत नाहीत.

कार्ट्रिज (रसायनांचा गोठलेला डबा) वितळायला साध्या पाण्यात, खुणेपर्यंतच, तासभर ठेवा. मे महिन्यात बडोद्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापतं. आदल्या रात्री बादली भरून एसीच्या खोलीत ठेवा. मग दहादा उलटंपालटं करा, बुडबुडे निघेपर्यंत टेबलावर आपटा, १७ नंबरच्या खणात तयार लायब्ररी ६०० मायक्रोलिटर भरा. फ्लो सेलवर मिठाचा डाग राहिला तर तोही फोटोत येतो. दुहेरी ३०० चा (दोन्ही टोकांकडून ३००-३०० बेस वाचणारा) रन दोन दिवसांहून जास्त चालतो. यूपीएसवर यंत्र असतं, एसी बहुधा नसतो, आणि खोली १९ ते २५ अंशांतच हवी.

२५ सायकलनंतर पडद्यावर घनता पाहा. व्ही३ ला चौरस मिलिमीटरला १२ ते १४ लाख पुंजके ठीक. १७ लाख दिसले तर पुढच्या वेळी १२ ऐवजी ९ पिकोमोलर भरा. ६ लाखच आले तर प्रमाण वाढवण्याआधी लायब्ररी पुन्हा मोजा.