बाल्साच्या किटमधून रबरावर उडणारं विमान कसं बनवावं

किट हातात आलं की लगेच चिकटवायला बसावंसं वाटतं. पहिली संध्याकाळ मात्र प्लॅन वाचण्यात घालवा. दीड-दोन फूट पंखाचं, रबराच्या पिळावर उडणारं विमान पहिल्यांदा करायला चांगलं. पॅरिसमध्ये आल्फाँस पेनो यांनी 1871 मध्ये असंच पिळलेल्या रबरावर विमान उडवून दाखवलं होतं. तत्त्व अजून तेच आहे.

बाल्सा हे मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं झाड. त्याचं लाकूड वजनाला सागाच्या साधारण पाव भरतं. ते कटरने सहज कापता येतं, पण नखाने दाबलं तरी खड्डा पडतो. छापील शीटमधले तुकडे ओढून काढू नका. नवं ब्लेड घ्या आणि एका दमात न कापता दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचे नमुने) करणारे कारागीर आधी लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, कुठे धावते ते बघतात. इथेही लाकडाची रेषा पंखाच्या लांबीतच धावली पाहिजे.

आता पंख. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. सपाट सॉफ्ट बोर्डवर प्लॅन पसरा आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणा, नाहीतर पंख कागदालाच चिकटतो. लांब काड्या रेषेवर ठेवून दोन्ही बाजूंनी टाचण्या लावा. काडीच्या आरपार टाचणी घातली तर ती चिरते. मग एकेक फासळी (पंखाला आकार देणारी आडवी पट्टी) काटकोनात उभी करा. फेविकॉल टूथपिकच्या टोकावर मावेल इतकाच. जास्तीचा डिंक म्हणजे नुसतं वजन. फेविक्विक दुरुस्तीसाठी राखून ठेवा. त्याने वाकडा बसलेला सांधा पुन्हा सरळ करता येत नाही. रात्रभर वाळू द्या. मग प्लॅनमध्ये दिलेल्या उंचीइतकी दोन्ही टोकं वर उचलून मधला सांधा पक्का करा. ही उचल असते म्हणून विमान कलंडलं तरी स्वतःहून सावरतं.

शेपूट आणि धडाचा सांगाडा त्याच रीतीने होतात. सांगाड्याच्या दोन बाजू एकावर एक ठेवून बांधल्या की सारख्या निघतात. शेवटी बारीक पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून अलगद घासा.

पंखाच्या सांगाड्यावर पातळ कागद मढवताना कोल्हापूरचा पाऊस लक्षात ठेवावा लागतो. माझा पहिला पंख मी ऑगस्टमध्ये मढवला. कागद ढिला पडला आणि डोप (कागद ताणून पक्का करणारं लॅकर) मारल्यावर त्यावर पांढरट झाक आली. तेव्हापासून पावसाळ्यात मी फक्त सांगाडे करतो आणि सीमोल्लंघन झालं की कागदाला हात घालतो. पातळ केलेल्या फेविकॉलने फक्त कडा चिकटवा, मग पाण्याचा बारीक फवारा मारा. वाळताना कागद आक्रसतो आणि पंखाला पीळ देतो, म्हणून कडांखाली पट्ट्या देऊन पंख बोर्डवर दाबून ठेवा. डोप हवेशीर जागी मारा, अगदी पातळ.

सगळं जोडल्यावर पंखाच्या रुंदीचा पुढून साधारण एक तृतीयांश भाग सोडून दोन बोटांवर विमान तोला. प्लॅनवर तोलाची खूण असेल तर तीच खरी. शेपटाकडे झुकलं तर नाकात मातीचा छोटा गोळा घाला.

उडवायला सकाळी लवकर जा, वारा उठायच्या आत. गवताळ मोकळं मैदान हवं, उजळाईवाडीच्या विमानतळापासून लांब. रबर न पिळता विमान खांद्याच्या उंचीवरून समोर सरळ सोडा. वर फेकू नका. नाक वर करून थबकलं आणि पडलं, तर नाकात थोडं वजन वाढवा. सरळ खाली घुसलं तर वजन कमी करा. एका वेळी एकच बदल. अलगद तरंगत उतरायला लागलं की रबराला थोडेच पीळ द्या. नाकावरच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) ओढीने ते एका बाजूला कलंडत असेल तर पंख वाकवू नका. पंख्याच्या बुडाशी बाल्साची बारीक पाचर घालून त्याचं तोंड किंचित उलट बाजूला वळवा. मग दर उड्डाणाला थोडे थोडे पीळ वाढवत जा. घरी परतताना पीळ सोडवून रबर काढून ठेवा. ताणलेलं राहिलं तर ते सांगाडा वाकवतं.