इंटरचेंजेबल सुयांचा सेट घेताय? या चुका टाळा

विणकामाच्या या सेटमध्ये वेगवेगळ्या जाडीची सुटी टोकं असतात, आणि दोन टोकं एका लवचीक केबलला जोडली की सुई तयार होते. सेटचा डबा उघडला की नजर आधी टोकांवर जाते. रंगीत लाकूड, चकचकीत स्टील, जाडीच्या क्रमाने मांडलेल्या जोड्या. खरेदीचा निर्णय तिथेच होऊन जातो आणि केबलकडे कुणी बघतच नाही. पुढे जी रडारड होते ती मात्र टोकांची क्वचितच असते. टोक आणि केबल जिथे जुळतात, तो सांधाच त्रास देतो.

म्हणून सेट हातात आला की आधी एक जोडी केबलला लावा, डोळे मिटा आणि सांध्यावरून नख फिरवा. नख अडखळलं तर लोकरही अडखळणार. मग बारीक, दोन पदरी लोकरीचा तुकडा सांध्याभोवती सैल वेढून दोन्ही दिशांनी ओढून पाहा. केबलकडून टोकाकडे येताना टाका चढ चढत असतो, त्यामुळे त्या दिशेला जास्त लक्ष द्या. हीच परीक्षा सेटमधल्या सगळ्यात बारीक जोडीवर परत घ्या. 3 मिमीच्या खाली सांध्याची जाडी सुईएवढीच किंवा थोडी जास्तही असू शकते, आणि घट्ट हाताने विणणाऱ्याला प्रत्येक टाका तिथे ढकलावा लागतो. मोज्यांसाठी 2.25 किंवा 2.5 मिमी हवी असेल तर अखंड सर्क्युलर सुई, म्हणजे टोकं केबलला कायमची जोडलेली सुई, घ्या. सेटच्या हट्टापायी बारीक सांध्याशी झटापट करू नका.

बोटांनी पिळलं आणि विणायला बसलं

सगळ्यात जास्त स्वेटर या चुकीने उसवले जातात, तेव्हा जरा सविस्तर.

टोकं स्क्रूसारखी फिरवून लावायच्या सेटबरोबर एक छोटी किल्ली येते. वाकवलेल्या तारेसारखी किंवा टी आकाराची. केबलच्या धातूच्या टोकाला आरपार भोक असतं, त्यात ती घालायची, दुसऱ्या हाताने सुई धरायची आणि बोटांनी घट्ट होईल तितकं झाल्यावर आणखी साधारण पाव वळसा द्यायचा. इतकंच काम. तरी नव्याने विणायला लागलेले दहातले बरेच जण किल्ली डब्यातच ठेवतात, कारण टाके घालायची घाई झालेली असते. दोन मिनिटं वाचवायची आणि दोन संध्याकाळी उसवण्यात घालवायच्या, असा हा सौदा.

आता हे कसं घडतं ते पाहा. गळ्यापासून खाली विणायचा स्वेटर, योकला, म्हणजे खांद्यांभोवतीच्या भागाला, जाळीचा नमुना, सुईवर 280 टाके. टोक बोटांनी लावलेलं. गोल विणताना केबलला एकाच दिशेने पीळ बसत राहतो आणि तो पीळ कुठेतरी सुटणारच. शिवाय बरेच जण प्रत्येक टाक्याला सुई बोटांत किंचित फिरवतात. दोन टोकांपैकी एका बाजूला त्या फिरवण्याने स्क्रू आवळला जातो, दुसऱ्या बाजूला सैल होतो. सैल व्हायला लागला की आधी केसाएवढी फट पडते. लोकर त्या फटीत अडकते. विणणारीला वाटतं टाके घट्ट झालेत, म्हणून ती जोर लावून पुढे सरकवते. त्या जोराने टोक केबलपासून वेगळं होतं आणि चाळीस टाके हवेत लटकतात. साधे सुलट टाके असते तर एखादी ओळ उसवून भागलं असतं. पण जाळीत भोक पाडायला सुईवर घेतलेला लोकरीचा वेढा सुटला की मागे काहीच उरत नाही, त्यामुळे भोक कुठलं आणि निसटलेला टाका कुठला हे ओळखता येत नाही. त्यात घाबरून टोक तसंच वाकडं घुसवून फिरवलं, आटे चुकीच्या घरात बसले. म्हणजे टाकेही गेले आणि केबलही.

असं झालंच तर काम हातात उचलू नका. टेबलावर सपाट पसरा, ओढताण बंद. सेटमधली सगळ्यात बारीक सुई घ्या आणि नमुन्याच्या ज्या ओळीत वेढे नाहीत, म्हणजे शक्यतो साध्या ओळीत, तिथले टाके एकेक करून उचला. टाका उलटा बसला तरी आत्ता चालेल. पुढच्या ओळीत त्याचा उजवा पाय सुईच्या पुढे आहे की नाही ते बघून सरळ करता येतो. सगळे टाके मोजून संख्या जुळली की मगच योग्य जाडीची सुई.

सैल होण्याची कारणं तीनच असतात. किल्ली वापरली नाही, आट्यांत लोकरीचा भुगा भरलाय, किंवा आटे झिजलेत. भुगा कोरड्या टूथब्रशने निघतो. तेल लावू नका, ते लोकरीवर उतरतं. आणि सांध्यात डिंक किंवा नळाची टेप घालणाऱ्यांसाठी एकच प्रश्न: टोक बदलता येऊ नये असंच हवं होतं तर सेट कशाला घेतला? आटे झिजले असतील तर केबल बदला, दुसरा इलाज नाही. पकडीने आवळणं हा तर आटे झिजवायचा सगळ्यात जलद मार्ग.

पकडायचं कुठे, हेही महत्त्वाचं. लाकडी टोक फिरवताना लाकूड धरू नका, त्याच्या बुडाशी असलेला धातूचा भाग धरा. नाहीतर लाकूड आणि धातू चिकटवलेला जोड सुटतो. केबलचंही तेच. प्लॅस्टिकची दोरी पिळू नका. हात घसरत असेल तर रबराचा छोटा तुकडा किंवा रबरी हातमोजा घ्या. किल्ली हरवली असेल तर सरळ केलेली कागदाची पिन चालते, ती मऊ असते आणि वाकते, पण काम निभावते.

सवय अशी लावून घ्या की बैठक मांडताना आणि मध्येच काम बाजूला ठेवून परत घेताना दोन्ही सांधे चाचपायचे. दहा सेकंदांचं काम आहे. जाळीच्या नमुन्यात तर किल्लीच्या त्याच भोकाचा दुसरा उपयोग करा: त्यातून गुळगुळीत बारीक दोरा ओवा आणि एक ओळ विणा. दोरा आपोआप सगळ्या टाक्यांतून जातो, आणि पुढे गडबड झाली तर तिथपर्यंत निर्धास्त उसवता येतं. खुणेच्या रिंगा मात्र दोऱ्यात अडकतात, त्या त्या ओळीपुरत्या काढून ठेवा.

पाकिटावरची लांबी

दुसरी आवडती चूक. पाकिटावर 80 सेमी लिहिलेलं असतं आणि आतली केबल मोजली तर 56 भरते. मग फसवणूक झाल्याची बोंब. फसवणूक नाही. बऱ्याच कंपन्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी लिहितात. 5 इंची टोक साधारण 13 सेमीचं, दोन टोकांचे 26, त्यात 56 मिळवा, 80 च्या आसपास येतात. त्याच केबलला 10 सेमीची आखूड टोकं लावली तर सुई 76 ची होते. काही कंपन्या मात्र नुसत्या केबलची लांबी लिहितात. म्हणून पाकिटावर «टोकांसह» आहे की नाही ते वाचा, आणि वाचूनही शंका असेल तर टेप लावा.

खरा घोळ 40 सेमीच्या सुईला होतो. टोपी विणायला ती लागते आणि ती बनते 20 सेमीची केबल आणि 10 सेमीची टोकं यांची. नेहमीच्या सेटमध्ये टोकं 13 सेमीची असतात. ती 20 च्या केबलला लावून पाहा: लांबी 46 होते, केबल तीक्ष्ण कोनात मुडपते आणि सांध्यावर सगळा ताण येतो. म्हणजे पुन्हा तोच सांधा. टोप्या विणायच्या असतील तर आखूड टोकांचा सेट घ्या किंवा 40 ची अखंड सुई वेगळी घ्या. आखूड टोकांनी मोठ्या पंजाच्या माणसाला तासाभरात बोटं अवघडतात, हेही लक्षात असू द्या.

किती लांबी लागेल याचा हिशोब साधा आहे. 10 सेमीत 20 टाके बसत असतील आणि टोपीला 96 टाके असतील, तर गोलाचा घेर 48 सेमी; 40 ची सुई बरोबर. डोक्याकडे कमी करत 64 वर आलात की गोल 32 चा होतो आणि टाके 40 च्या सुईवर ताणले जातात. तिथे दुटोकी सुया घ्या किंवा मॅजिक लूप करा, म्हणजे लांब सुईच्या केबलचा फास टाक्यांमधून बाहेर काढून छोटा गोल विणा. मॅजिक लूपला 80 ते 100 सेमीची सुई आणि मऊ केबल हवी. ताठ केबल असेल तर लूप सरळ व्हायला बघतो आणि दोन अर्ध्यांच्या मध्ये टाक्यांची शिडी पडते. स्वेटरच्या अंगाला 200 टाके म्हणजे 100 सेमीचा गोल, त्याला 80 ची सुई पुरते. टाके सुईपेक्षा थोडे दाटीवाटीने बसलेले चालतात, ताणलेले चालत नाहीत.

केबल वेटोळ्याच्या आठवणीतून बाहेर येत नसेल तर ती काढून मिनिटभर गरम पाण्यात बुडवा, सरळ धरून थंड होऊ द्या. उकळतं पाणी नको आणि लाकडी टोकांसकट तर मुळीच नको. स्टीलच्या तारेवर आवरण असलेल्या केबलला याची गरज पडत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

एका कंपनीची टोकं दुसऱ्या कंपनीच्या केबलला «बसतात» असं कुणी सांगितलं तरी सैल जाऊन मध्येच थांबणाऱ्या आट्यांना जोर लावू नका. एकाच कंपनीतही सगळं सगळ्याला बसतं असं नाही. चियाओगू कंपनीच्या लाल केबलवाल्या सेटमध्ये 2.75 ते 5 मिमीचा एक सांधा आणि 5.5 ते 10 मिमीचा दुसरा. काठ 5 वर आणि अंग 5.5 वर असलेल्या स्वेटरला नेमकं तिथेच अडायला होतं. दोन मापांचे सांधे जोडणारा तुकडा आधीच घेऊन ठेवा. अ‍ॅडी क्लिक या सेटमध्ये स्क्रू नाहीच, दाबून फिरवायचं असतं, त्यामुळे तिथे किल्लीचा प्रश्न येत नाही.

नंबरावर विसंबू नका, मिलिमीटर वाचा. जुन्या ब्रिटिश पद्धतीत 8 नंबर म्हणजे 4 मिमी, अमेरिकन 8 म्हणजे 5. ब्रिटिश 10 ही 3.25 आणि अमेरिकन 10 ही 6. एकात आकडा वाढला की सुई बारीक होते, दुसऱ्यात जाड. घरातल्या जुन्या सुयांवर शिकलेल्यांचे याच घोळात स्वेटर बिघडतात.

पहिलाच सेट पूर्ण स्टीलचा आणि त्यावर रेशमी किंवा बांबूची लोकर: टाके धबधब्यासारखे ओघळतात. सुरुवातीला लाकूड बरं. घट्ट हाताचे असाल तर उलट, धातू घ्या.

अणकुचीदार टोक जाळीला चांगलं, पण सैल पिळाची एकपदरी लोकर त्याने फाटते.

एक बाही लाकडी 4 वर आणि दुसरी स्टीलच्या 4 वर विणू नका. जाडी तीच असली तरी हाताचा ताण बदलतो आणि बाह्या जुळत नाहीत.

12 मिमीपर्यंतच्या जोड्यांचा मोह आवरा. रोजच्या कामात 3.5 ते 5 याच जोड्या झिजतात, जाड सुया वर्षानुवर्षं डब्यात पडून राहतात. त्या पैशांत 4 ची दुसरी जोडी आणि दोन जादा केबल येतात, आणि प्रत्येक जाडीची एकच जोडी असण्याची खरी अडचण तीच सोडवतात.

उलट ओळी सैल पडून कापडावर पट्टे दिसत असतील तर उलट ओळ ज्या टोकाने विणता, ते एक माप बारीक लावा. टाक्याचा आकार उजव्या हातातली सुई ठरवते, म्हणून गोल विणताना डाव्या हाताला बारीक टोक असलं तरी माप बिघडत नाही, टाके उलट सहज सरकतात. अखंड सुईत हे शक्यच नाही, तरी सेट घेणाऱ्यांतले फार थोडे ते करून पाहतात.

काम महिनाभर बाजूला ठेवायचं असेल तर टोकं काढा, केबलला दोन्हीकडे टोपणं लावा आणि काढलेल्या टोकाचा आकडा कागदावर लिहून केबललाच बांधा. लाकडावर छापलेला आकडा घासून जातो, आणि 3.75 की 4 हे नुसत्या डोळ्याला कळत नाही. सुया मोजायच्या पट्टीच्या भोकातून मोजताना टोकाचा निमुळता भाग मोजू नका, सुई पूर्ण जाडीपर्यंत आत घाला: जोर न लावता जी आरपार जाते, पण डुगडुगत नाही, त्या भोकाचा आकडा खरा.