आधी प्लास्टिक बघा, मग गाडी: डीलरच्या जुन्या प्रोमो गाड्या कशा जमवाव्यात

माझा पहिला प्रोमो, म्हणजे डीलरकडे मिळायची ती खऱ्या गाडीची छोटी प्लास्टिकची प्रतिकृती, मी नुसता फोटो बघून घेतला. पन्नाशीच्या दशकातली चार दारांची सेडान, फिकट हिरवी, पुढून जराशी तिरकी टिपलेली. क्रोम झगझगीत, काचा शाबूत. खोका उघडून टेबलावर ठेवली, तर गाडीला चक्क पोक आलेलं! मधोमध कमान आणि दोन्ही बंपर टेबलाला टेकलेले. विकणाऱ्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. त्याने बाजूने फोटो काढला नव्हता आणि मी मागितला नव्हता.

त्या पोकाची किंमत मोजून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. मी मिशिगनमध्ये राहतो. या गाड्या बहुतेक इथल्याच, डेट्रॉइटच्या आसपास जन्मलेल्या, त्यामुळे सगळा मामला अमेरिकेचा आहे. पण ठाण्या-पुण्यात बसून हा छंद करणारेही आहेत, म्हणून त्यांच्या कामाचं शेवटी सांगतो.

प्रोमो म्हणजे नक्की काय, ते आधी समजून घ्या

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन गाड्यांचं रूप दरवर्षी बदलायचं. शरद ऋतूत नवं मॉडेल शोरूममध्ये आलं की त्याबरोबर डीलरच्या काउंटरवर त्याच गाडीची छोटी प्रतिकृतीही यायची. प्रमाण बहुधा १:२५. म्हणजे सव्वापाच मीटरची गाडी २१ सेंटिमीटरची, हाताची जेमतेम एक वीत. रंग कंपनीच्या खऱ्या रंगांशी जुळवलेले. गिऱ्हाईक गाडी चालवून बघायला आलं की त्याच्या पोराच्या हातात ही गाडी ठेवायची. बाप घासाघीस करतोय तोवर पोरगं गाडीत गुंतलेलं, आणि घरी गेल्यावर आठवडाभर ब्रँडचं नाव त्याच्या तोंडी. असा सगळा हिशेब होता.

त्याआधीही असे नमुने होते, पण धातूचे. १९३४ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातल्या ओतीव धातूच्या स्टुडबेकर आजही संग्राहकांच्या कपाटात दिसतात. बँथ्रिको या शिकागोच्याच कंपनीने गाडीच्या आकाराचे धातूचे गल्ले बनवले. प्लास्टिकचा जमाना मात्र चाळिशीच्या अखेरीस सुरू झाला. एएमटी हे नाव ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’चं लघुरूप. कंपनीची सुरुवात १९४८ मध्ये ॲल्युमिनियमच्या फोर्डने झाली, मग ती प्लास्टिककडे वळली आणि नावातलं ॲल्युमिनियम नावापुरतंच उरलं. जॉन हेनले यांनी स्वतःच्या नावावरून जो-हॅन काढली. कॅडिलॅक, ओल्ड्समोबिल, रॅम्बलर हवी असेल तर बहुतेक वेळा जो-हॅनच्याच दारात जावं लागतं. मिलवॉकीची प्रॉडक्ट मिनिएचर कंपनी, म्हणजे पीएमसी, पन्नाशीच्या दशकातल्या शेव्हरोलेसाठी ओळखली जाते. एएमटीतून बाहेर पडलेल्या जॉर्ज टोटेफ यांनी साठीच्या दशकात एमपीसी उभी केली. ही चार नावं आणि गाडीच्या पोटावरचे त्यांचे ठसे ओळखता आले की निम्मा बाजार समजला.

आणखी एक गोष्ट. गाडी दरवर्षी बदलायची, म्हणून साचाही दरवर्षी बदलायचा. बरेचदा नवा साचा न करता जुनाच कोरून पुढच्या वर्षासाठी वापरत. मागच्या वर्षाचा मुखडा त्या साच्यातून कायमचा पुसला जाई. म्हणूनच अनेक प्रोमो पुन्हा कधी निघालेच नाहीत, आणि निघूही शकत नाहीत.

एक गल्ली निवडा

‘सगळं जमवीन’ म्हणणारा दोन वर्षांत थकतो किंवा दिवाळखोर होतो. एकच गल्ली धरा. एकाच मॉडेलची ओळीने सगळी वर्षं, फक्त स्टेशन वॅगन, किंवा एकाच कंपनीच्या उघडणाऱ्या छताच्या (कन्व्हर्टिबल) गाड्या. छोटी गल्ली हवी असेल तर फोर्डची एडसेल बघा. खरी गाडी १९५८ ते १९६० एवढी तीनच मॉडेल वर्षं टिकली आणि बाजारात सपशेल आपटली. त्यामुळे तिचे प्रोमो जमवायला शेवट दिसतो. ज्यांना गोष्ट आवडते त्यांनी क्रायस्लरच्या टर्बाइन गाडीचा जो-हॅन प्रोमो शोधावा. क्रायस्लरने १९६३-६४ च्या सुमारास टर्बाइन इंजिनाच्या एकूण ५५ गाड्या बनवल्या, लोकांना वापरून बघायला दिल्या, परत घेतल्या आणि त्यातल्या बहुतेक स्वतःच मोडीत काढल्या. खऱ्या ९ उरल्या. तांबूस रंगाची ती वीतभर गाडी मात्र तुमच्या कपाटात येऊ शकते.

मराठी माणसाला एक वेगळी गल्लीही आहे. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ पासून होता, आणि कुर्ल्याच्या प्रीमियरने स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज, प्लिमथ जोडायला घेतल्या. आजोबांच्या अल्बममधल्या लग्नाच्या गाडीचं नाक ओळखून त्याच वर्षाचा प्रोमो शोधणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. गेली सहा वर्षं शोधताहेत.

प्लास्टिक वाचायला शिका

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पन्नाशीच्या दशकातले बहुतेक प्रोमो सेल्युलोज ॲसिटेटचे. हे प्लास्टिक मऊसर, रंग छान धरणारं, पण वर्षानुवर्षं आतून सुकत, आक्रसत जातं. बॉडी आक्रसते आणि खालची चेसिस तिला स्क्रूने जखडलेली, मग ताण निघतो तो वाकण्यातून. टप खचतो, दारांची रेघ लाटेसारखी होते, बॉनेट वर उचललं जातं. फार खराब झालेल्या गाडीला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. हा वास म्हणजे प्लास्टिक विघटित होत असल्याची खूण.

१९६० च्या आसपास कंपन्या स्टायरीनकडे वळल्या. हे टणक, कुरकुरीत प्लास्टिक. पडलं तर तडकतं, पण आपलं आपण वाकत नाही. म्हणून नवख्याला माझा सल्ला सरळ आहे: पहिले पाच प्रोमो १९६२ नंतरचेच घ्या. डोळा तयार झाला की मग ॲसिटेटच्या नादी लागा.

वाकलेली गाडी गरम पाण्यात घालून, वजनाखाली दाबून सरळ करण्याचे उपाय तुम्हाला सांगितले जातील. मी दोनदा करून बघितले. एकदा गाडी आठवडाभर सरळ राहिली आणि पुन्हा वाकली. दुसऱ्यांदा काचेची चौकट तडकली. वाकलेली गाडी वाकलेली म्हणूनच घ्यावी, त्याच भावात.

हातात घेतल्यावर काय तपासाल

गाडी काचेवर किंवा सपाट फरशीवर ठेवा आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणून बाजूने बघा. चारही चाकं टेकतात का? दाराखालची रेघ सरळ आहे का? दुरून घेताना हाच फोटो मागा, शिवाय उलट्या गाडीचा आणि उजेडात धरलेल्या टपाचा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर पुढे जा.

मग पुढच्या काचेच्या दोन बाजूंचे बारीक खांब. मुलांनी टपावर हात दाबून गाडी पळवलेली असते, त्यामुळे तडा बहुतेक तिथेच सापडतो. बॉनेटवरचं टोकदार चिन्ह मोडलंय का, बंपरवरचं चकाकतं प्लेटिंग कडांशी उडालंय का, मागचे दिवे जागेवर आहेत का, हेही बघून घ्या.

गाडी उलटी करा. स्क्रूच्या खाचा कोऱ्या आहेत की कुणी पेचकस फिरवलाय? फिरवला असेल तर का, ते विचारा. मागच्या आसाजवळ जड चक्र असेल तर ती घासून पळणारी ‘फ्रिक्शन’ गाडी. तशा गाड्या खेळण्यांच्या दुकानांतही विकल्या जात. फ्रिक्शन वाईट नव्हे, पण साध्या डीलर प्रोमोच्या भावात ती घेऊ नये.

आता फसगतीची मुख्य जागा. एएमटीने १९५८ पासून जोडणीचे किट विकायला काढले, आणि बॉडीचा साचा तोच, प्रोमोचाच! त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या हुशार मुलाने नीट जोडलेलं, रंगवलेलं किट आज प्रोमो म्हणून समोर येतं. ओळखायचं कसं? किटचं प्लास्टिक बहुधा पांढरं असे आणि रंग वरून दिलेला. प्रोमोच्या प्लास्टिकमध्येच बहुधा रंग असे, म्हणून बॉडीच्या आतून बघा: बाहेर लाल आणि आत पांढरं असेल तर सावध व्हा. चमकीच्या रंगात प्लास्टिक साच्यात वाहिल्याचे ओघळ दिसतात. ते दोष नव्हेत, उलट खरेपणाची साक्ष. गोंदाचे डाग, वेगळं उघडणारं बॉनेट आणि खाली सुटे भाग जोडून केलेलं इंजिन दिसलं तर ते किट समजा. या नियमालाही अपवाद आहेत, विशेषतः सुरुवातीच्या काळात काही प्रोमो कारखान्यातच रंगवलेले असत. पण नियम माहीत असल्याशिवाय अपवाद कळत नाहीत.

खोका असेल तर फारच उत्तम. ते खोके साधे पुठ्ठ्याचेच, पण कडेला कधी मॉडेलचं आणि रंगाचं नाव छापलेलं असतं. फोर्डच्या एका लाल रंगाचं नाव ‘रंगून रेड’ होतं, पांढऱ्याचं ‘विम्बल्डन व्हाइट’. खोक्यावरचा रंग आणि आतली गाडी जुळते का बघा, आणि हल्ली नव्याने छापलेले खोकेही मिळतात हे लक्षात असू द्या. साठ वर्षांचा पुठ्ठा पांढराशुभ्र नसतो.

कुठे घ्याल, किती द्याल

अमेरिकेत असाल तर जुन्या गाड्यांच्या बाजारांत जा. पेनसिल्व्हेनियात हर्शीला ऑक्टोबरमध्ये भरणारा बाजार अफाट असतो, आणि कार्लाइलचाही. तिथे गाडी हातात घेऊन बघता येते, याला तोड नाही. शिवाय दुपारनंतर भाव उतरतात, कारण विकणाऱ्यालाही ते ओझं परत न्यायचं नसतं. गराज सेलमध्ये नशीब फळफळल्याच्या कथा पुष्कळ ऐकल्या. माझं एकदाही फळफळलं नाही.

ईबेवर भाव बघताना मागितलेली किंमत बघू नका. ‘विकले गेलेले’ हा पर्याय लावा आणि त्याच वर्षाच्या, त्याच रंगाच्या, तशाच अवस्थेतल्या गाड्या किती रकमेला गेल्या ते वहीत टिपा. महिनाभर फक्त टिपा, घेऊ नका. किंमत ठरते ती आधी अवस्थेवर, मग रंगावर आणि खोक्यावर. गाडी किती जुनी आहे यावर फारशी नाही.

भारतात मागवायचं असेल तर गणित बदलतं. खेळणी म्हणून आलेल्या पार्सलवर आयात शुल्क जबर बसतं. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) खुणेचा नियम लागू असल्याने पार्सल अडकण्याचीही भीती असते. म्हणून बहुतेक जण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतूनच आणतात. आणणाऱ्याला बजावा: हातातल्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, आणि विमानतळावरून येताना उन्हात तापलेल्या डिकीत नाही.

साफ करताना

कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. बस. प्लेटिंगवर ब्रशही हलकाच फिरवा. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांतलं काही जवळ आणू नका, प्लास्टिक विरघळतं. आत पाणी राहिलं तर आस गंजतात, म्हणून गाडी उलटी ठेवून पंख्याखाली पूर्ण वाळवा.

ठेवताना

कपाट खिडकीसमोर नको, आणि आत तापणारे दिवेही नकोत. चेसिसखाली छोटा ठोकळा ठेवून चाकं अधांतरी करा, नाहीतर टायर एका बाजूला चपटे होतात. मऊ टायरांतून निघणारं तेलकट द्रव्य स्टायरीनला खातं, तेव्हा टायर दुसऱ्या प्लास्टिकला टेकू देऊ नका. गुंडाळायला बबल रॅप थेट लावू नका, त्याचे गोल वण उमटतात. आधी पातळ कागद, मग बबल रॅप.

मुंबई-कोकणच्या हवेत गाडीपेक्षा खोका आधी जातो. कसर पुठ्ठ्यावरचा छापील कागद खाते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा बदला. कपाटात डांबर गोळ्या मात्र चुकूनही टाकू नका. त्यांच्या वाफेने स्टायरीन मऊ, चिकट होतं. ठाण्याला भावाकडे ठेवलेल्या माझ्या दोन गाड्यांना आमच्या आईने अशाच मायेने गोळ्या घातल्या होत्या. एका गाडीच्या टपावर अजूनही गोळीएवढा खड्डा आहे.

ॲसिटेटच्या गाड्या हवाबंद डब्यात कोंडू नका, त्यांना हवा लागते. बाकीच्यांपासून वेगळ्या फळीवर ठेवा, कारण त्यातून सुटणारी आंबूस वाफ शेजाऱ्यालाही बाधते. आणि वर्षातून एकदा मापं घ्या. माझी हिरवी सेडान वेगळ्या फळीवर एकटीच असते. दिवाळीची साफसफाई करताना तिला काचेवर ठेवतो, पोटाखाली फुटपट्टी धरतो आणि आकडा फळीच्या कडेला पेन्सिलीने लिहितो. गेल्या दिवाळीचा आकडा आदल्या वर्षीपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने जास्त होता.