शाळा बंद पडली तर कोरडा शिधा कसा वाटायचा

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं, खिचडीची चूल विझली. पोरांचा हक्क मात्र तसाच राहिला. २०१५ च्या मध्यान्ह भोजन नियमांतच सोय आहे: शिजवून देता आलं नाही, तर धान्य आणि शिजवण्याचा खर्च मिळून अन्नसुरक्षा भत्ता. आपल्याकडे तांदूळ आणि डाळ-कडधान्यं घरी दिली.

आधी हिशेब. पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ. सहावी ते आठवीला १५० आणि ३०. कामाचे दिवस २४ धरले, तर लहानग्याला २ किलो ४०० ग्रॅम तांदूळ, ४८० ग्रॅम डाळ. मोठ्याला दीडपट. सुट्ट्या वगळूनच धरा, नाहीतर शेवटच्या पोराला पोतं झटकून द्यावं लागतं.

मापट्यानं वाटू नका, काटा लावा. आमच्या पाटणकडे पावसाळ्यात तांदूळ ओल धरतो, म्हणून पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब. वाटपाला शाळा व्यवस्थापन समितीतलं कुणीतरी हजर असावं. गावात कुजबुज व्हायला वेळ लागत नाही.

वर्गवार वेळ द्या, पण भावंडांना एकत्रच बोलवा. आईनं भांगलण सोडून दोनदा का यावं? ऊसतोडीला गेलेल्यांची यादी वेगळी ठेवा. घरी आजी असेल तर तिच्याकडे द्या. सही किंवा अंगठा पिशवी हातात दिल्यावरच घ्या. शिल्लक त्याच संध्याकाळी नोंदवहीत चढवा.