कर्नलमधले रिग्रेशन: बदल मागे घ्यावा की पुढे दुरुस्त करावा?

समजा, हिंगणघाटच्या अलीकडच्या एका गावात जिनिंगचा वजनकाटा आहे आणि त्याचा संगणक लिनक्सवर चालतो. काट्याच्या यंत्रातून वजनाची एकेक ओळ यूएसबी-सिरीयल केबलने संगणकात येते आणि पावती छापणारा जुना प्रोग्रॅम ती वाचतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अद्ययावत झाले आणि दुसऱ्या दिवसापासून पावतीवर ३८४० किलोच्या जागी मधूनच ३८४ उमटू लागले. हंगाम दिवाळीनंतरचा आहे आणि फाटकाबाहेर कापसाच्या बंड्या व ट्रॅक्टर उभे आहेत. अशा वेळी दुरुस्ती लिहिण्यापेक्षा कोणती दुरुस्ती योग्य हे ठरवणे जास्त अवघड असते. ते ठरवताना पहिला विचार फाटकाबाहेर खोळंबलेल्या माणसाचा व्हावा असे माझे ठाम मत आहे.

सर्वप्रथम हे रिग्रेशनच आहे, म्हणजे आधी नीट चालणारे काम नव्या बदलानेच बिघडले आहे, याची खात्री करावी. जुने कर्नल सहसा बूट मेनूत शिल्लक असते. त्यातून संगणक सुरू केल्यावर वजने बरोबर येऊ लागली, तर जिनिंगचे काम तात्पुरते सुटते आणि तपासाला दिशाही मिळते. मात्र दोन्ही कर्नल सारख्याच कॉन्फिगरेशनने बांधलेली असली तरच तुलना खरी ठरते. त्याच दिवशी कुणी केबल बदलली होती का, काट्याची सेटिंग हलली होती का, हे विचारावे. बाहेरून घातलेले मोड्यूल (कर्नलला जोडता येणारे सुटे भाग) काढून आणि लिनक्स वितरकाचे पॅच (त्याने स्वतः घातलेले बदल) नसलेले मूळ कर्नल चालवून दोष तिथेही दिसतो का, हे पाहावे.

कर्नलमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ‘गिट’ या साधनात असते. त्याच्या ‘गिट बायसेक्ट’ या आज्ञेने त्यानंतर दोषी बदल शोधावा. दोन लागोपाठच्या आवृत्त्यांमध्ये चौदा हजारांच्या आसपास बदल असले, तरी प्रत्येक वेळी निम्मे वगळले जात असल्यामुळे साधारण १४ चाचण्यांत एका बदलापर्यंत पोहोचता येते. जुन्या लॅपटॉपवर पूर्ण कर्नल बांधायला तासन्‌तास लागतात, म्हणून ‘लोकलमॉडकॉन्फिग’ ही बांधणीची आज्ञा वापरून फक्त लागणारी मोड्यूल ठेवावीत. ती आज्ञा त्या क्षणी चालू असलेली मोड्यूलच निवडते, त्यामुळे काट्याची केबल आधी जोडलेली असणे आवश्यक आहे. नाही तर नेमका हवा तोच ड्रायव्हर, म्हणजे केबल हाताळणारा कर्नलचा भाग, गळतो. भारनियमनात वीज गेली तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण बायसेक्टची स्थिती रेपॉझिटरीतच (कोडच्या साठ्यातच) साठवलेली असते आणि वीज आल्यावर काम तिथूनच पुढे नेता येते. आपल्या उदाहरणातला दोष मधूनच दिसणारा आहे, तेव्हा एका बरोबर वजनावरून ‘चांगले’ असा शेरा देऊ नये. प्रत्येक पायरीवर वीस-पंचवीस वजने घ्यावीत, कारण एक चुकीचा शेरा पुढचा सगळा शोध भलत्या वाटेला नेतो. शेवटी सापडलेला बदल सर्वांत ताज्या कर्नलवर उलटा करून पाहावा. दोष गेला तरच तो बदल दोषी मानावा.

आता खरा निर्णय. दोषी बदल कशासाठी केला होता, हे त्याच्या संदेशात शांतपणे वाचावे. समजा, आधी ड्रायव्हर आलेली अक्षरे थोडा वेळ थोपवून एकत्र देत असे आणि नव्या बदलाने ती आल्याबरोबर पुढे जाऊ लागली. पावतीचा प्रोग्रॅम एका वाचनात पूर्ण ओळ मिळेल असे धरून चालतो, त्यामुळे अर्धी ओळ हाती आली की शेवटचा आकडा गळतो. नियमाप्रमाणे पाहिले तर चूक प्रोग्रॅमची आहे, कारण मागितल्यापेक्षा कमी अक्षरे परत येऊ शकतात हे त्याने गृहीत धरायला हवे होते. पण इथे नियम दाखवून थांबणे मला अयोग्य वाटते. कर्नलच्या बदलाने वापरकर्त्याचे चालते काम बंद पडता कामा नये, ही भूमिका लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी अनेक वर्षे लावून धरली आहे. प्रोग्रॅम सदोष होता, हे उत्तर त्या भूमिकेत पुरेसे ठरत नाही. काटा बसवणारा माणूस आज कुठे असेल आणि त्या प्रोग्रॅमचा सोर्स कोणाकडे असेल, याचा पत्ता जिनिंगवाल्याकडे नसतो.

म्हणून पहिला पर्याय बदल मागे घेण्याचा. दोन आठवड्यांची मर्ज विंडो (नवे बदल घेण्याचा काळ) संपून आरसी (प्रकाशनापूर्वीच्या चाचणीच्या) आवृत्त्या सुरू झाल्या असतील, विशेषतः सहावी-सातवी आरसी आली असेल आणि नेमके कारण अजून समजले नसेल, तर मागे घेणेच श्रेयस्कर. त्याने मूळ लेखकाचा अपमान होत नाही. तोच बदल सुधारून पुढच्या चक्रात पुन्हा येऊ शकतो. मात्र त्या बदलाने सुरक्षेचे भगदाड बुजवले असेल किंवा त्यावर पुढचे काम उभे राहिले असेल, तर तो सरळ उलटवता येत नाही. बदल बाहेर पडून वर्ष उलटले असेल, तर त्याच्या वेगावर विसंबलेले दुसरे लोक तयार झालेले असतात आणि मागे घेतल्यास त्यांच्यासाठी नवे रिग्रेशन जन्माला येते.

अशा वेळी पुढे जाऊन दुरुस्ती करावी. आपल्या उदाहरणात मी आपोआप मिळणारे वर्तन जुनेच ठेवीन आणि ज्याला वेग हवा त्याने सिरीयल पोर्टचा लो-लेटन्सी (कमी विलंबाचा) पर्याय स्वतः चालू करावा अशी सोय करीन. विशिष्ट उपकरणापुरता अपवाद, म्हणजे क्वर्क, इथे उपयोगाचा नाही. उपकरण स्वतः चुकत असेल तेव्हा त्याचा ओळखक्रमांक यादीत घालणे ठीक. इथे केबल निर्दोष आहे आणि ती कोणत्या प्रोग्रॅमसाठी वापरली जाते, हे ड्रायव्हरला कळत नाही.

दोष फक्त स्टेबल शाखेत, म्हणजे प्रकाशित आवृत्तीला फक्त दुरुस्त्या देणाऱ्या शाखेत, दिसत असेल, तर विचार वेगळा करावा लागतो. मुख्य कर्नलमध्ये तोच बदल नीट चालत असल्यास, त्याच्या सोबतचा एखादा पूरक पॅच जुन्या शाखेत आणायचा राहिला असण्याची शक्यता मोठी असते. तो आणावा, नाही तर बदल त्या शाखेतून काढावा. दोष दोन्हीकडे असल्यास दुरुस्ती आधी मुख्य कर्नलमध्ये जावी लागते, स्टेबलमध्ये त्यानंतर.

पॅचच्या संदेशात दोषी बदलाच्या हॅशची (गिटमधल्या ओळखखुणेची) पहिली १२ अक्षरे ‘फिक्सेस’ ओळीत द्यावीत, तक्रार करणाऱ्याची नोंद त्याच्या संमतीने करावी आणि बदल मागे घेत असल्यास त्याचे कारण पूर्ण वाक्यांत लिहावे. पाठवण्यापूर्वी दुरुस्त कर्नलचे तयार पॅकेज बांधून जिनिंगच्या संगणकावर घालावे, कारण मापाऱ्याकडून कर्नल बांधण्याची अपेक्षा करणे योग्य नाही. रिकामी बंडी, भरलेली बंडी आणि ट्रॅक्टर अशी तिन्ही वजने घ्यावीत, आणि पावतीवरचा आकडा प्रत्येक वेळी काट्याच्या डिस्प्लेशी ताडून पाहूनच पॅच पाठवावा.