बंगड्याच्या पोटात अळी निघाली? फेकू नका, आधी हे करा

परवा भाचीचा फोन आला, मामा बंगडा साफ करायलेय अन् पोटात पांढरे दोरे निघालेत, एक तर वळवळलं, सगळं फेकून देऊ का? म्हणलं थांब पोरी. आपण लातूरची माणसं, आपल्याकडं समुद्राचा मासा बर्फात रात्रभर गाडीत हिंदकळत येतो, तरी ही अळी मरत नाही.

हिचं नाव अ‍ॅनिसाकिस. खरं घर देवमासा अन् डॉल्फिनच्या पोटात. तिथून अंडी विष्ठेबरोबर पाण्यात, मग अळी झिंग्यासारख्या बारीक जिवात, तिथून माशात, अन् तो मासा परत देवमाशाच्या पोटात. आपण उगंच मधी येतो. जायकवाडीच्या रोहू-कटल्यात ही नसती, तिथं कुठला आला देवमासा!

आता कामाचं. मासेवाल्याकडंच पोट फाडून घ्या, कारण मासा मेल्यावर अळ्या आतड्यातून मांसात शिरतात, तसाच ठेवला की जास्तच. घरी उजेडात पोटाच्या आतली पातळ साल अन् काळीज बघा, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून बसलेली असती, सोडवली तर दोन-तीन सेंटीमीटर. सुरीच्या टोकानं काढा, अन् पोटाकडचं मांस कापून टाकलं तर अजून बरं.

मग नीट शिजवा, बास. आतपर्यंत ६०-६५ डिग्री गेली की अळी खल्लास, म्हणजे काट्याजवळचं मांस पांढरं होऊन सुटलं पाहिजे. कालवणात काळजी नाही, गडबड होते तव्यावर, सुरमईचा जाड तुकडा वरून कुरकुरीत अन् आत कच्चा. लिंबू, मीठ, व्हिनेगर लावून ठेवलं म्हणजे मेली असं समजू नका, मरत नाही. कच्चं खायची हौस असंल तर मासा आधी उणे २० डिग्रीला ७ दिवस पाहिजे, अन् आपल्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तेवढी थंडी नसती.

कच्चा-अर्धकच्चा मासा खाऊन काही तासांत पोटात कळा अन् उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टरला मासा खाल्ल्याचं आठवणीनं सांगा, दुर्बिणीनं बघून अळी चिमट्यानं काढता येते. अन् एखाद्याला मेलेल्या अळीची पण अ‍ॅलर्जी असती, अंगावर पित्त उठतं, त्याला शिजवून पण उपयोग नाही.

भाचीनं कालवण केलं, झकास झालं म्हणे. जावईबापूंनी मात्र त्या दिवशी ठेचा-भाकरीच खाल्ली.