साम्राज्य चढते आहे की उतरते, हे कसे तपासावे

युरोपातल्या एखाद्या साम्राज्याचा अभ्यास करायचा म्हटले की बहुतेक जण आधी नकाशा उघडतात. तो काही काळ मिटूनच ठेवा. ब्रिटिश साम्राज्य नकाशावर सर्वांत मोठे दिसते ते १९२० च्या आसपास. पण १९१४ मध्ये सुमारे ६५ कोटी पौंड असलेले ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज तोवर ७०० कोटींच्या वर गेले होते. सरहद्द नेहमी उशिरा हलते. तिजोरीत आणि फौजेत काय चालले आहे ते तिच्यावर दिसायला कधी कधी पिढी जाते.

सुरुवात एका तक्त्याने करा. वही चालेल, स्प्रेडशीट अधिक सोयीचे. एकच साम्राज्य आणि शंभर-दीडशे वर्षांचा एकच तुकडा घ्या. ‘रोमचा उदय आणि अस्त’ असा अख्खा विषय घेतला, तर हजार वर्षांत काहीही सापडते आणि कोणतेही कारण बसवता येते. प्रत्येक ओळ पाच वर्षांची ठेवा. रकाने असे: महसूल आणि कर्ज, नाण्यातला धातू, प्रत्यक्ष हजर फौज, गादीवर कोण आणि कसा आला, सरहद्द. उजवीकडे आणखी दोन ठेवा: ‘फटका’ आणि ‘सावरायला लागलेली वर्षे’. खरे काम या शेवटच्या दोन रकान्यांत होते.

पैशाचा रकाना भरताना नाण्याच्या नावावर विसंबू नका, ग्रॅममध्ये धातू लिहा. रोमन सम्राट निरोने इ.स. ६४ च्या सुमारास एका रोमन पौंड (वजन) चांदीतून ८४ ऐवजी ९६ दिनारी (चांदीची नाणी) पाडायला सुरुवात केली आणि चांदीचा कसही उतरवला. सम्राट कॅराकॅलाने २१५ मध्ये जे नवे नाणे काढले त्याची किंमत दोन दिनारी, पण चांदी जेमतेम दीड दिनारीची. २७० च्या आसपास त्याच नाण्यात चांदी पाच टक्क्यांहूनही कमी उरली होती. नुसते आकडे पाहिले तर सैनिकांचा पगार वाढताना दिसतो; चांदीत मोजला की चित्र पालटते. याउलट सम्राट कॉन्स्टंटाइनचा सोन्याचा सॉलिडस (पौंडाला ७२, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम) अकराव्या शतकापर्यंत जवळजवळ शुद्ध राहिला. त्यातले सोने ठळकपणे कमी झाले ते नवव्या कॉन्स्टंटाइनच्या काळात (१०४२–१०५५), म्हणजे १०७१ मध्ये मांझिकर्टला पूर्व रोमन साम्राज्याचा सेल्जुक तुर्कांकडून पराभव झाला त्याआधी. अशी साले शेजारी आली, की ‘एका लढाईने सगळे घालवले’ हे वाक्य लिहिताना हात थबकतो.

कर्जाच्या बाबतीत घाई होते ती दिवाळखोरी दिसली की अस्त जाहीर करण्याची. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५५७, १५६०, १५७५ आणि १५९६ अशी चार वेळा सावकारांची देणी थांबवली. गंमत म्हणजे अमेरिकेतून चांदीची सर्वाधिक आवक झाली ती १५९० च्याच दशकात. बहुतेक वेळा चढ्या व्याजाची अल्पमुदतीची कर्जे कमी व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांत बदलली जात आणि कारभार पुढे चाले. म्हणून दिवाळखोरीच्या सालापुढे लगेच काटा मारू नका. त्याच ओळीतल्या फौजेच्या रकान्यात काय झाले ते पाहा. १५७५ च्या सप्टेंबरात देणी थांबली, नेदरलँड्समधल्या स्पॅनिश सैन्याचे पगार थकले, आणि १५७६ च्या नोव्हेंबरात बंडखोर सैनिकांनी तिथले अँटवर्प शहर लुटले. चारच दिवसांनी उत्तर आणि दक्षिणेकडच्या प्रांतांनी परकी फौज घालवण्यासाठी गेंटचा करार केला. दिवाळखोरीचा घाव बसतो तो असा, पगारामार्गे.

फौज मोजताना बखरकारांचे लाखांचे आकडे बाजूला ठेवा. पगारपत्रक, हजेरीपट आणि शिधा यांवरून मोजा, आणि त्यातूनही काही वजा करा: मेलेल्या किंवा पळालेल्या शिपायांची नावे पटावर ठेवून पगार उचलणे ही सोळाव्या शतकातल्या कप्तानांची नेहमीची चाल होती. गादीच्या रकान्यात एवढेच पुरे: वारस, निवड की बंड.

आता ‘फटका’ आणि ‘सावरणे’. पराभव सगळ्यांचेच होतात, चढत्या साम्राज्यांचे तर फार मोठे. १४०२ मध्ये अंकाराजवळ तैमूरने ऑटोमन सुलतान बायझीदला कैद केले आणि पुढची अकरा वर्षे राजपुत्र आपसांत लढत राहिले. तरी १४५३ मध्ये त्याच घराण्याने कॉन्स्टँटिनोपल घेतले. रशियाचा १७०० मध्ये नार्व्हाला स्वीडनकडून धुव्वा उडाला, नऊ वर्षांनी पोल्टाव्हाला त्याच स्वीडनचा उडाला. तेव्हा पराभवांची संख्या मोजू नका. गेलेली माणसे, पैसा, जहाजे पुन्हा उभी करायला किती वर्षे लागली ते मोजा. हा काळ दर फटक्याला लांबत गेला, तर साम्राज्य उतरणीला लागले असे म्हणायला आधार मिळतो.

रोमन साम्राज्य पुढे पश्चिम आणि पूर्व असे विभागले गेले; त्यातल्या पश्चिम रोमवर हे लावून पाहा. ४३९ मध्ये व्हँडल या जर्मानिक टोळीने उत्तर आफ्रिकेतले कार्थेज घेतले आणि आफ्रिकेचे धान्य व कर दोन्ही हातचे गेले. ४४४ च्या सुमारास विक्रीवर चोविसाव्या हिश्शाचा नवा कर बसवावा लागला. सैन्याला पोसण्याइतका पैसा नाही, ही कबुली त्या हुकुमातच आहे. ४६८ मध्ये पूर्व आणि पश्चिम रोमने मिळून आफ्रिकेवर आरमार पाठवले. व्हँडलांनी पेटती जहाजे सोडून ते जाळले. पश्चिमेला दुसरा प्रयत्न जमलाच नाही.

आता जुळ्याशी, म्हणजे पूर्व रोमशी, तुलना करा. तेच आरमार बुडाल्याने पूर्वेची तिजोरीही रिकामी झाली होती. पण ५१८ मध्ये सम्राट अनस्तासियस मरण पावला तेव्हा तिच्यात ३ लाख २० हजार पौंड सोने शिल्लक होते. हल्ले, ख्रिस्ती धर्म, दरबारी कारस्थाने हे सगळे दोन्हीकडे होते. म्हणून तेवढ्याने पश्चिमेचा अस्त समजत नाही. फरक होता तो इजिप्त आणि सीरियासारखे कर भरणारे प्रांत पूर्वेच्या हाती शाबूत होते, हा. कोणतेही कारण लिहिण्याआधी ते जिथे होते पण पतन झाले नाही, असे एक तरी उदाहरण शोधा. सापडले तर कारण खोडा किंवा अधिक नेमके करा.

ऑटोमनांच्या बाबतीत एक खोड हमखास आढळते: १५६६ मध्ये सुलतान सुलेमान वारला की अस्त सुरू करायचा. तक्ता भरून पाहा. १५७१ मध्ये लेपांटोच्या लढाईत आरमार नष्ट झाले आणि वर्षभरात नवे उभे राहिले. क्रीट पूर्ण हाती आले ते १६६९ मध्ये. हंगेरी सोडावी लागली १६९९ च्या तहाने. सावरण्याची ताकद संपल्याची पक्की खूण म्हणाल तर ती बरीच पुढची आहे: १८५४ चे पहिले परदेशी कर्ज, १८७५ मध्ये थकलेली देणी आणि १८८१ मध्ये मीठ, तंबाखू, रेशीम यांवरचा महसूल धनकोंच्या मंडळाकडे जाणे.

साले लिहिताना पंचांग तपासा. ग्रेगोरियन पंचांग स्पेनने १५८२ मध्ये, ब्रिटनने १७५२ मध्ये आणि रशियाने १९१८ मध्ये स्वीकारले. पोल्टाव्हाची लढाई म्हणूनच कुठे २७ जूनची, कुठे ८ जुलैची सापडते. गावांचीही तीच कथा: प्रेसबर्ग, पोझोनी आणि ब्रातिस्लाव्हा हे एकच शहर. तीन नोंदी झाल्या तर एक वेढा तीनदा मोजला जाईल.

अखेरच्या ओळीत एकाऐवजी दोन साले घाला: कर गोळा करण्याची ताकद कधी संपली आणि पदवी कधी संपली. पश्चिम रोमसाठी पहिल्या जागी ४३९ च्या आसपासचा काळ येईल. दुसऱ्या जागी सवयीने ४७६, म्हणजे इटलीतला शेवटचा सम्राट पदच्युत झाला ते साल, लिहिले जाते. पण कॉन्स्टँटिनोपलने मान्य केलेला सम्राट ज्युलियस नेपोस ४८० पर्यंत एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या डाल्मेशियात जिवंत होता. मध्य युरोपातल्या पवित्र रोमन साम्राज्याची पदवी ६ ऑगस्ट १८०६ ला सुटली. ती सोडणाऱ्या दुसऱ्या फ्रान्सिसने ऑस्ट्रियाचा सम्राट ही नवी पदवी दोन वर्षे आधीच घेऊन ठेवली होती.